बंधकांच्या शीत घडाईची हत्यारे

बोल्ट, स्क्रू, नट, रिव्हेट इ. बंधके (जोडणीची साधने) पोलादाची तार न तापविता नेहमीच्या तापमानास दाबून घडवितात. या क्रियेस शीत घडाई म्हणतात आणि तीत वापरावयाचे पंच (ठोसा देणारी हत्यारे), डाय (ज्यांच्या पोकळीत धातू दाबला जातो त्या मुद्रा) व त्यांची पूरक साधने यांचा समावेश शीत घडाईच्या हत्यारांत होतो. या पद्धतीत धातू कापून टाकला जात नाही, तर तो एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकविला जातो. त्यामुळे धातूने कोठे व किती सरकावे हे यंत्र चालविणाऱ्याच्या हाती राहत नाही. ते हत्याराचा अभिकल्प (आराखडा) तयार होतानाच ठरलेले असते. बंधकाची मजबुती, त्याला लागणारा धातू आणि कारखान्याचा नफा-तोटा या तिन्ही गोष्टी शेवटी हत्याराच्या अभिकल्पावर अवलंबून असतात.

शीत घडाईचे फायदे एका उदाहरणाने स्पष्ट होतील. १० मिमी. व्यासाचा व ५० मिमी. लांबीचा षट्‌कोनी डोक्याचा बोल्ट (डोके समोरासमोरच्या बाजूंमध्ये १६ मिमी. रुंद व ६·४ मिमी. उंच) षट्‌कोनी कांडीतून लेथवर कातून काढल्यास कांडीतील सु. ६० टक्के धातूचा कीस होतो. तोच बोल्ट ९·८ मिमी. व्यासाच्या तारेपासून घडविल्यास सु. ६४·५ मिमी. लांबीचा तुकडा पुरतो व वाया काही जात नाही. शिवाय कातलेल्या बोल्टात धातूचे तंतू डोक्याखाली तुटलेले असतात, तर घडविलेल्या बोल्टात ते दांड्यातून डोक्यात वळून अखंड राहतात. थंड स्थितीत दाबला गेल्याने धातू अधिक कठीणही होतो (कार्य कठिनीकरण). हे कठिनीकरण बंधकाला उपकारक असले, तरी हत्याराला मात्र मारक ठरते. कारण प्रत्येक टप्प्यागणिक धातूचा विरोध वाढत जातो.

ऐतिहासिक : मऊ धातूंच्या तारेचे टोक ठोकून खिळे व रिव्हेटे करण्याची पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात यासाठी यंत्रे प्रचारात आली. तथापि पोलादाची मोठ्या प्रमाणावर शीत घडाई शक्य होण्यास दोन शोध कारणीभूत झाले. १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडाचे चूर्ण कोबाल्टाच्या साहाय्याने बांधून अतिशय कठीण पदार्थ तयार केला. पुढे १९३० नंतरच्या दशकात, तेही जर्मनीतच, पोलादावर फॉस्फेटाचा थर देऊन त्यावर साबणाचे वंगण चढविण्याची युक्ती निघाली. पहिल्या शोधाने दाब सहन करणारी डाय मिळाली, तर दुसऱ्याने डाय व धातू एकमेकांस चिकटण्याचे टळले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाड्यांच्या उद्योगाबरोबर ही पद्धत सर्वत्र पसरली.

घनफळाचा हिशेब व टप्पे : घडाईत धातूचे घनफळ बदलत नाही, हे अभिकल्पाचे पहिले सूत्र होय. वरील बोल्टाच्या डोक्याचे घनफळ सु. १,४२० घ. मिमी. आहे. ९·८ मिमी. व्यासाच्या तारेचे तेवढेच घनफळ सु. १८·८ मिमी. लांबीत सामावते. म्हणजे डोके घडविण्यासाठी डायबाहेर राहणाऱ्या तारेची लांबी तिच्या व्यासाच्या १·९२ पट येते. या गुणोत्तराला फार महत्त्व आहे. आधार नसलेल्या तारेची लांबी व्यासाच्या सु. २·२५ पटींच्या आत असेल, तर ती एका ठोशात सरळ दबते. त्याहून अधिक असल्यास ती बांबूसारखी मध्येच वाकते आणि वाकलेली बाजू डोक्यात दुमडली जाते. गुणोत्तर सु. ४·५ पर्यंत असल्यास दोन ठोसे द्यावे लागतात. पहिल्या ठोशाचा पंच शंकूच्या आकाराचा असतो. तो तारेला बाजूंनी आधार देऊन धातू एकत्र गोळा करतो, तर दुसऱ्या ठोशात डोक्याला अंतिम आकार येतो. गुणोत्तर याहूनही मोठे असल्यास आणखी टप्पे योजावे लागतात.

षट्‌कोनी डोके दोन प्रकारे करता येते. एका प्रकारात प्रथम गोल डोके घडवून मग षट्‌कोनी डायने त्याच्या कडा छाटतात. षट्‌कोनाचे कोपरे पूर्ण मिळण्यासाठी गोल डोक्याचा व्यास किमान १८·५ मिमी. ठेवावा लागतो. त्यामुळे डोक्याचे घनफळ सु. १,७२० घ. मिमी. होते व गुणोत्तर २·३३ वर जाऊन दोन ठोसे आवश्यक ठरतात. छाटणीत दर बोल्टामागे सु. २·४ ग्रॅ. पोलाद भंगारात जाते. दहा लाख बोल्टांमागे हा आकडा सु. २·४ टन होतो. दुसऱ्या प्रकारात षट्‌कोन पोकळीतच भरून घडवितात. त्यात भंगार निघत नाही, पण अखेरच्या क्षणी कोपऱ्यांत धातू शिरण्यासाठी दाब एकदम वाढतो व हत्यार लवकर निकामी होते. पोलादाची बचत साधावी की हत्याराची, याचा निर्णय उत्पादनाचा आकार पाहून करावा लागतो. लहान मागणीसाठी छाटणी, तर सतत चालणाऱ्या मोठ्या मागणीसाठी पूर्ण घडाई सामान्यतः सोयीची ठरते.

मळसूत्राचा (आट्यांचा) भाग धातू कापून न काढता दोन खाचदार डायांमध्ये दांडा लाटून उठवितात. लाटताना खाचेतील धातू वर सरकून आटा उभा राहत असल्याने दांड्याचा मूळ व्यास आट्याच्या बाह्य व्यासापेक्षा कमी असावा लागतो. १० मिमी. मळसूत्रासाठी (अंतराल १·५ मिमी.) तो सु. ८·९५ मिमी. असतो. म्हणून ९·८ मिमी. तारेचा तेवढा भाग डायमधील निमुळत्या भोकातून ढकलून बारीक केला जातो. या क्रियेस बहिःसारण म्हणतात. येथे छेदाचे क्षेत्रफळ सु. १७ टक्क्यांनी घटते. डायबाहेरील तारेला आधार नसताना एका वेळी सु. २५ ते ३० टक्क्यांपर्यंतच घट साधते. याहून अधिक घट हवी असल्यास तार पूर्णपणे डायमध्ये कोंडून दाबावी लागते.

तारेचा तुकडा कापण्यातील अचूकताही हत्याराच्या आयुष्याशी निगडित आहे. तुकडा केवळ ०·३ मिमी. लांब कापला गेला, तर डोक्यात सु. २३ घ. मिमी., म्हणजे १·६ टक्के धातू जादा येतो. पोकळी सर्व बाजूंनी बंद असल्यास त्याला जाण्यास वाट नसते आणि पंच किंवा डाय फुटते. म्हणून कुशल अभिकल्पक पोकळीत एखादी कड मुद्दाम अपूर्ण भरेल अशी ठेवतो.

डायवरील प्रतिबले : दबणारा धातू बाजूंना पसरू पाहतो व डायच्या भोकाच्या भिंतीवर आतून जोर देतो. त्यामुळे डायमध्ये परिघाच्या दिशेने ताण निर्माण होतो व ती उभी चिरते. भिंत जाड करून हा धोका टळेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण जाड भिंतीच्या नळकांड्याचे गणित वेगळे सांगते. फ्रेंच गणितज्ञ गाब्रीएल लामे यांच्या सूत्रानुसार आतील दाब १,००० मेगापास्काल (दर चौ. मिमी.ला सु. १०० किग्रॅ. भार) असल्यास बाहेरचा व्यास भोकाच्या तिप्पट असताना भोकाच्या पृष्ठावरील ताण १,२५० मेगापास्काल येतो. बाहेरचा व्यास पाचपट केला तरी तो सु. १,०८० असतो आणि भिंत कितीही जाड केली तरी १,००० च्या खाली येत नाही. टंगस्टन कार्बाइड दाब उत्तम सोसते, पण ताणाला ते ठिसूळ असते. म्हणजे केवळ जाडी वाढवून अशी डाय वाचविता येत नाही.

यावरील उपाय खेड्यातील सुताराला व लोहाराला फार पूर्वीपासून ठाऊक होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात. निवताना ती आकसते आणि चाकाचे सर्व भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरते. त्याच प्रकारे कार्बाइडाची लहान नळी (गाभा) पोलादी कड्यात बसवितात. कड्याचे भोक गाभ्यापेक्षा जाणूनबुजून लहान ठेवतात. हा फरक व्यासाच्या सु. ०·३ ते ०·६ टक्के असतो, ३० मिमी. व्यासाच्या गाभ्यासाठी ०·४ टक्के धरल्यास तो ०·१२ मिमी. होतो. कडे नेहमीच्या तापमानापेक्षा ४०० से.ने अधिक तापविल्यास त्याचे भोक सु. ०·१४ मिमी.ने मोठे होते व गाभा आत सरकतो. निवल्यावर गाभा कायमचा दाबाखाली राहतो. घडाईच्या वेळी निर्माण होणारा ताण प्रथम हा दाब नाहीसा करण्यात खर्ची पडतो आणि गाभ्यावर प्रत्यक्ष ताण येत नाही किंवा अल्प येतो.

कड्याचे पोलाद निवडताना तापविण्याने त्याची कठिनता उतरू नये हे पहावे लागते, म्हणून सु. ५ टक्के क्रोमियम असलेले उष्णकार्य हत्यारी पोलाद वापरतात. फरक फार मोठा असल्यास गाभ्याला किंचित निमुळता आकार देऊन तो थंड स्थितीतच दाबयंत्राने बसवितात. बसविल्यानंतर भोक थोडे आकसत असल्याने त्याचे अंतिम घासकाम व चकाकी देण्याचे काम शेवटीच करतात. डोके व दांडा यांच्या सांध्याशी असलेला आतील तीक्ष्ण कोपरा हे तड्याचे नेहमीचे उगमस्थान असते. गाभा त्याच कोपऱ्याशी दोन तुकड्यांत विभागला, तर कोपराच राहत नाही आणि तड्याचे मूळ नाहीसे होते.

हत्यारांचे पदार्थ : घडाईच्या डायच्या कार्बाइडात कोबाल्टाचे प्रमाण सामान्यतः १५ ते २५ टक्के असते. ते वाढविल्यास चिवटपणा वाढतो व झिजेचा प्रतिकार कमी होतो. पंचांना धक्का व वाकणे अधिक सोसावे लागत असल्याने ते बहुधा टंगस्टन व मॉलिब्डेनमयुक्त उच्चवेग पोलादाचे करतात व त्यांची कठिनता रॉकवेल सी प्रमाणावर ६० ते ६४ ठेवतात. पंचाच्या पृष्ठावर टायटॅनियम नायट्राइडासारख्या संयुगाचा काही सहस्रांश मिमी. जाडीचा थर निर्वातात देण्याची पद्धत १९८० नंतर रूढ झाली आहे. पोकळी कोरण्यासाठी विद्युत ठिणगी यंत्रणाचा वापर होतो. त्यात पृष्ठावर वितळून गोठलेला ठिसूळ थर राहतो. तो घासून काढला नाही, तर नवे हत्यारही थोड्याच ठोशांत तडकते.

तार व वंगण : उत्तम हत्यारही अयोग्य तारेवर टिकत नाही. तारेच्या पोलादातील कार्बाइडाचे पत्रे अनुशीतनाने (दीर्घकाळ तापवून सावकाश निववून) गोल कणांत रूपांतरित करतात, त्यामुळे पोलाद मऊ व तन्य होते. नंतर अम्लाने धुऊन त्यावर जस्त फॉस्फेटाचा थर व साबणाचे वंगण देतात. तारेच्या पृष्ठावर लाटण्याच्या वेळची उभी रेघ राहिल्यास डोके पसरताना ती उघडते व बोल्ट बाद होतो. अशा तडीचा दोष पुष्कळदा हत्याराला दिला जातो, पण त्याचे मूळ तारेत असते.

दोष व त्यांची कारणे : डोक्याच्या कडेला ४५ अंशांत जाणारी चीर धातूची तन्यता संपल्याचे दर्शविते, अशा वेळी टप्पे वाढवावे लागतात किंवा तार बदलावी लागते. डोक्याखाली पडलेली दुमड पहिल्या पंचाचा शंकू चुकल्याचे लक्षण होय. ही दुमड घातक असते, कारण बोल्ट आवळल्यावर प्रतिबल ज्या ठिकाणी एकवटते तेथेच ती असते. सर्वांत फसवा दोष बहिःसारणात उद्‌भवतो. भोकाचा निमुळतेपणाचा कोन मोठा व छेदातील घट लहान असल्यास केवळ बाहेरचा धातू सरकतो, मधला ओढला जातो आणि दांड्याच्या आत बाणाच्या टोकांसारख्या चिरा एकामागून एक पडतात. बाहेरून असा बोल्ट निर्दोष दिसतो व मापांतही बरोबर भरतो. मोटारीच्या चाकात किंवा सुकाणूच्या जोडात तो वापरला गेल्यास अपघातानंतरच दोष उघडकीस येण्याची भीती असते. तपासणीने असे सर्व नग वेगळे काढणे खर्चाचे असते, परंतु डायचा कोन योग्य ठेवल्यास हा दोष मुळातच उत्पन्न होत नाही.

बंधकाची मजबुती त्याच्या डोक्यावरील अंकांनी दर्शवितात. उदा., ८·८ या अंकांपैकी पहिला अंक अंतिम ताणबल सु. ८०० मेगापास्काल असल्याचे व दुसरा त्याच्या ८० टक्के प्रतिबलास, म्हणजे ६४० मेगापास्कालास, कायमचे विरूपण सुरू होत असल्याचे सांगतो. भारतात मळसूत्री पोलादी बंधकांच्या पुरवठ्याच्या तांत्रिक अटी भारतीय मानक १३६७ मध्ये दिल्या आहेत.

हत्याराचे आयुष्य : मिनिटाला १०० बोल्ट घडविणारे यंत्र आठ तासांच्या पाळीत ४८,००० ठोसे देते. अर्धा लाख ठोसे टिकणारी डाय म्हणजे दर पाळीस एकदा यंत्र थांबविणे होय. पाच लाख टिकणारी डाय दहा पाळ्या चालते. बदलाच्या वेळी हत्याराच्या किंमतीखेरीज यंत्र थांबल्याने होणारी हानी व पुन्हा माप जुळविताना बाद होणारे नगही धरावे लागतात. हत्यार झिजून निकामी झाले, तुटून झाले की धातू चिकटून झाले, याची नोंद ठेवणे अगत्याचे असते, कारण तिन्हींचे उपाय परस्परविरोधी आहेत. झीज होत असल्यास अधिक कठीण पदार्थ लागतो, तर तुटत असल्यास अधिक चिवट. आणि धातू चिकटत असल्यास पदार्थ न बदलता वंगण सुधारावे लागते. संगणकावर धातूच्या प्रवाहाचे सदृशीकरण करून टप्पे आधीच तपासण्याची सोय आता उपलब्ध आहे. मात्र घर्षणाचे व तारेच्या कठिनीकरणाचे खरे आकडे दिले नाहीत, तर तिचे निष्कर्ष दिशाभूल करतात.

ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसरातील उद्योग : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी होय. त्याच दशकात डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. अंबरनाथ येथे यांत्रिक हत्यारांचे आद्य नमुने तयार करणारा केंद्र सरकारचा कारखाना १९५३ पासूनच होता. कळवे–दिघे येथील मुकंद कंपनीच्या कारखान्यात मिश्र पोलादाच्या तारकांड्या तयार होऊ लागल्या. कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्स (स्थापना १९४४) व कांदिवलीचा महिंद्र हे वाहनांचे कारखाने आणि मुंबईतील नागदेवीचा हार्डवेअर बाजार या पट्ट्याला जवळ होते. कच्चा माल, ग्राहक व कुशल हात असे जवळपास मिळाल्याने या पट्ट्यात व वसई भागात (२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात) बंधके, त्यांच्या डाया व पंच आणि उष्णता संस्करण यांची लहान-मोठी कामे वाढली.

लहान कारखान्यांत श्रमविभागणी ठळक असते. एक जण बोल्ट घडवितो, दुसरा आटे लाटतो, तिसरा कार्बाइडाच्या डाया करून देतो, तर चौथा कठिनीकरण करतो. या व्यवस्थेत भांडवल कमी लागते, पण हत्याराविषयीचे ज्ञानही विभागले जाते. डाय करणाऱ्याला ती कोणत्या तारेवर व किती ठोसे चालली हे कळत नाही आणि बोल्ट करणाऱ्याला कड्यातील आकुंचनाचा फरक किती ठेवला होता हे ठाऊक नसते. पुष्कळदा जुन्या डायचे माप घेऊन तशीच नवी केली जाते. मूळची डाय झिजलेली असेल, तर तिची झीजही नव्या डायमध्ये उतरते.

१९९० नंतर ठाण्यातील जमिनीच्या किंमती वाढल्या. वागळे इस्टेटीतील अनेक अभियांत्रिकी कारखान्यांच्या जागी कार्यालये व संगणकविषयक उद्योग आले. कुर्ल्याची मोटार-निर्मिती २००० च्या सुमारास थांबली आणि वाहन उद्योगाचे केंद्र पुणे–चाकण, नासिक व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) यांच्याकडे सरकले. औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांतून हत्यारांच्या अभिकल्पाचे पद्धतशीर शिक्षण मिळते. ठाणे व डोंबिवली येथील लघुउद्योजकांच्या संघटना अद्याप कार्यरत आहेत. कारखाना स्थलांतरित होताना यंत्र ट्रकवर चढविता येते, परंतु ज्या कारागिराने वीस वर्षे डायांचे कोन व फरक लक्षात ठेवले तो बहुधा मागे राहतो. प्रत्येक डायबरोबर तिचे रेखाचित्र, गाभ्याचा पदार्थ, आकुंचनाचा फरक, तारेचा प्रकार, ठोशांची संख्या व निकामी होण्याचे कारण एवढ्या सहा गोष्टी लिहून ठेवल्या, तर ते ज्ञान कारागिराच्या पश्चातही कारखान्यात टिकते आणि पुढची डाय जुन्या डायची नक्कल न राहता तिच्यातील सुधारणा ठरते.